तिसरं बिस्किट

मनुष्य आणि इतर प्राणी यांच्यात मूलभूत फरक असा, की इतर प्राणी एखादी गोष्ट करून शिकतात आणि मनुष्य ती कशी शिकावी याचं पुस्तक निवडतो. निवडणं हे शिकण्यापेक्षा अवघड असल्यामुळे बहुतेकांचं आयुष्य निवडण्यातच निघून जातं आणि जगात बऱ्यापैकी शांतता टिकते. सगळ्यांनी एकदम शिकायला घेतलं असतं तर केवढा गोंधळ उडाला असता!

रीतसरकाकांना हे मनापासून पटलेलं होतं. काका एका मोठ्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात चौतीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचं खरं नाव इमारतीत कोणाला आठवत नसे (दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतं). कोणतीही गोष्ट रीतसर व्हावी, एवढंच त्यांचं मागणं असे. दुधाची पिशवीसुद्धा ते तारीख तपासून, डाव्या कोपऱ्यातूनच कापत.

काकांकडे एक कुत्रा होता. रंग तांबूस, एक कान उभा, दुसरा पडलेला, जात मिश्र. त्याचं नाव शेरा. लोकांना वाटे, हे नाव वाघसिंहांच्या घराण्यातलं आहे. तसं नव्हतं. प्रत्येक सरकारी तक्त्यात अगदी शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो आणि तो वरिष्ठांनी भरायचा असतो. काकांनी चौतीस वर्षं उरलेले सगळे रकाने भरले, पण शेरा मारण्याचा अधिकार त्यांच्याकडे कधी आला नाही. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या घरी स्वतःच्या मालकीचा शेरा आला. वरिष्ठांच्या शेऱ्यांप्रमाणेच तोही कोणाचं ऐकत नसे.

शेराचा स्वभाव उत्तम होता, आणि तीच अडचण होती. जिन्यात जो दिसेल त्याच्या अंगावर तो प्रेमाने उडी मारी. गेल्या तीन महिन्यांत त्याने एकूण एकतीस उड्या मारल्या. पैकी अठ्ठावीस स्नेहापोटी, दोन गैरसमजातून आणि एक निष्कारण. एकतिसावी उडी दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंच्या वाट्याला आली. बाईंच्या पिशवीत डझनभर अंडी होती. त्यांतली अकरा फुटली. बारावं कसं वाचलं, हे उदाहरण बाईंनाही सोडवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींनी काकांच्या दारावर नोटीस लावली. 'सदर श्वान तीस दिवसांत आज्ञाधारक न झाल्यास त्यास इमारतीबाहेर हलविण्यात यावे. तीसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता समितीसमक्ष चाचणी घेण्यात येईल. सांगताक्षणी श्वानाने बसून दाखवावे.' नोटीस उत्कृष्ट होती. काकांनी ती दोनदा वाचली, 'तीसाव्या'मधला 'ती' लाल पेन्सिलीने ऱ्हस्व केला, आणि मग मजकुराचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला.

काकांचा शेरावर जीव होता. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी रीतसर विचारलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून त्यांची वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं. पूर्वी त्यांच्या एका सहीसाठी माणसं बाकावर तिष्ठत असत. आता खाली कचरा टाकून वर आलं तरी दारात शेरा उभा असे, जणू काका परदेशाहून परतलेत. काकूंच्या भावाचं गावाबाहेर घर होतं, अंगण होतं. त्याने शेराला ठेवून घ्यायची तयारी लगेच दाखवली. माणूस भला होता, म्हणून काकांना त्याचा जास्तच राग आला.

"अहो, तीस दिवस आहेत की," काकू म्हणाल्या. काकू घरीच कपडे शिवत. तोंडात टाचण्या असतानाही त्यांना स्पष्ट बोलता येई. "रोज दहा मिनिटं त्याला घेऊन बसा. शिकेल."

"कशाच्या आधारे शिकवू?" काकांनी विचारलं.

"आधार कशाला? कुत्रा आहे ना घरात."

"कुत्रा आहे, पण पुस्तक नाही," काका म्हणाले, आणि काकूंनी शिवणाचं मशीन पुन्हा सुरू केलं.

पहिले तीन दिवस पुस्तक-निवडीचं धोरण ठरवण्यात गेले. चौथ्या दिवशी काका पुस्तकांच्या दुकानात गेले. तिथे शेवटच्या कपाटावर 'पाळीव प्राणी, बालसंगोपन व बागकाम' अशी चिठ्ठी होती.

"कुत्र्याच्या वर्तनावर आणि प्रशिक्षणावर उपयुक्त पुस्तक हवंय," काका म्हणाले.

"सगळीच उपयुक्त आहेत," दुकानदार म्हणाला.

"त्यांतलं कोणतं जास्त?"

"काका, मला मांजर आहे." दुकानदाराने शिडी पुढे केली. "तुम्ही बघा."

काकांनी चौदा पुस्तकं घरी आणली. मुखपृष्ठांवरून त्यांची प्राथमिक वर्गवारी पुढीलप्रमाणे झाली: कुत्रा बसलेला व लेखक उभा, पाच; लेखक बसलेला व कुत्रा उभा, तीन; दोघेही दूरवर कुठेतरी पाहत असलेले, चार; फक्त लेखक, दोन. (शेवटच्या दोघांच्या प्रस्तावना सर्वांत लांब होत्या.) एकाही मुखपृष्ठावर कुत्रा कोणाच्या अंगावर उडी मारताना दिसत नव्हता. त्यामुळे काकांचा उत्साह वाढला.

मग प्रत्यक्ष मजकुराचा अभ्यास सुरू झाला. पुस्तक क्रमांक दोनचं म्हणणं होतं, की घरात मालक हाच पुढारी. त्याने कुत्र्याच्या आधी जेवावं आणि दारातून आधी बाहेर पडावं. क्रमांक पाचनुसार पुढारीपणाची ही कल्पना कधीच मोडीत निघाली होती. मालकाने मित्र व्हावं. क्रमांक सहाने मध्यममार्ग सांगितला होता: पुढारी व्हावं, पण कुत्र्याला कळू देऊ नये. क्रमांक तीन म्हणे, कुत्र्याच्या डोळ्यांत पाहा. क्रमांक आठ म्हणे, काय वाटेल ते करा पण डोळ्यांत पाहू नका. क्रमांक दहाने कानांकडे पाहायला सांगितलं होतं, पण शेराचे कान दोन दिशांना असल्यामुळे तो प्रयोग सोडून द्यावा लागला. एका मुद्द्यावर मात्र सर्व तज्ज्ञांचं एकमत होतं. बाजारातल्या इतर पुस्तकांवर विश्वास ठेवू नये.

पुस्तक क्रमांक चार काकांना फार आवडलं. त्यात हट्ट, आरडाओरडा, वस्तू चावणं आणि अंगावर उड्या मारणं यांवर इतकं समजूतदार विवेचन होतं, की काकांनी त्याला सर्वाधिक गुण दिले. चार दिवसांनी शेवटच्या प्रकरणात दात येण्याचा आणि बालवाडीचा उल्लेख आला, तेव्हा ते पुस्तक दीड ते तीन वर्षांच्या मुलांसाठी असल्याचं उघडकीस आलं. काकांनी त्याचे गुण कमी केले नाहीत. फक्त समोर 'विषयबाह्य' असं लिहिलं.

पुस्तक क्रमांक नऊ मात्र त्यांनी पहिल्याच फेरीत बाद केलं. ते जेमतेम चाळीस पानांचं होतं. त्यात एवढंच होतं, की एक छोटा शब्द ठरवा, रोज ठरावीक वेळी तो म्हणा, कुत्र्याने मनासारखं केलं की लगेच खाऊ द्या, आणि हे करत राहा. त्याला शब्दसूची नव्हती, आकृत्या नव्हत्या, शिवाय ते वाचताक्षणी समजत होतं. अशा पुस्तकाच्या खोलीविषयी शंका घेणं काकांना भागच पडलं.

मूल्यमापनासाठी त्यांनी सतरा रकान्यांचा तक्ता आखला होता. नोंदी करताना ते जुन्या सवयीने मोठ्यांदा वाचत. "पृष्ठसंख्या, तीनशे बारा. शब्दसूची, आहे. आकृत्या, अकरा. शेरा..." की आतल्या खोलीतून शेरा धावत येई आणि टेबलावर हनुवटी ठेवी. चौदा पुस्तकांच्या तीन फेऱ्या झाल्या, म्हणजे बेचाळीस वेळा हाक गेली आणि बेचाळीस वेळा कुत्रा आला. काकांनी प्रत्येक वेळी "आत्ता नाही रे, कामात आहे" म्हणून त्याला परत पाठवलं. शेवटचा रकाना सगळीकडे ओला झाला होता.

कामात खंड पडे तो फक्त दुपारी चार वाजता, चहाला. डॉक्टरांनी काकांना चहाबरोबर दोनच बिस्किटं मंजूर केली होती. काकू रोज बशीत दोन ठेवत, तिसरं हातात धरून विचारत, "अजून एक?" काका रोज म्हणत, "बस, बस." आणि ते तिसरं बिस्किट शेराला जाई. गेली दीड वर्षं हे असंच चाललं होतं. त्यात बघण्यासारखं काही नसल्यामुळे काकांनी कधी मान वर करून बघितलं नाही; चार वाजता त्यांच्यासमोर एखादं पुस्तक उघडं असेच.

तेविसाव्या दिवशी काकूंच्या भावाचा फोन आला. "भाऊजी, मी अंगणाला कुंपण घालून घेतलंय. कधी आणताय त्याला?"

"निवड अंतिम टप्प्यात आहे," काका म्हणाले.

"कसली निवड?"

काकांनी फोन काकूंकडे दिला.

अठ्ठाविसाव्या दिवशी काका पाणी प्यायला उठले, तर काकू मशीन बंद ठेवून जमिनीवर बसलेल्या. शेरा ज्याच्यावर झोपायचा तो काकांचा जुना स्वेटर त्यांनी धुतला होता आणि आता तो घडी घालून पिशवीत भरत होत्या. शेरा पिशवीत डोकं घालून तपासणी करत होता. आपणही कुठेतरी फिरायला जाणार, असं त्याला वाटत असावं. काका पाणी न पिताच परत आले. त्यांच्यापुढे पुस्तकांचा ढीग होता आणि त्यांना रडू येत होतं. त्यांनी आयुष्यात एकही कागद मुदतीबाहेर जाऊ दिला नव्हता, आणि ज्याच्यासाठी मुदत खरोखर पाळायची होती तो मात्र हातचा चालला होता. अशा वेळी दुसऱ्या कोणी पुस्तकं भिरकावली असती. काकांनी चौथी फेरी घेतली.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी पुस्तक क्रमांक तेराची निवड झाली. सहाशे बारा पानं, तीन परिशिष्टं, मुखपृष्ठावर फक्त लेखक. पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं, की प्रशिक्षणापूर्वी किमान सहा आठवडे मालकाने कुत्र्याचं नुसतं निरीक्षण करावं. हातात साधारण वीस तास असल्यामुळे काकांनी ते प्रकरण वगळलं. दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं, की आज्ञेचा मसुदा आधी लेखी निश्चित करावा व त्यात मागाहून बदल करू नये. हे मात्र काकांना जमण्यासारखं होतं. त्यांनी तीन मसुदे केले आणि तिसरा कायम केला. 'शेरा याने बसावे.'

संध्याकाळभर सराव चालला. काकांनी चाळीस वेळा आज्ञा दिली. शेराने शेपूट हलवून प्रत्येक वेळी आज्ञेची पोच दिली, अकरा वेळा काकांचं तोंड चाटलं, आणि एकदाही बसला नाही.

"अहो, 'बसावे' काय? सरळ बोला की त्याच्याशी," काकू म्हणाल्या.

"मसुदा कायम झालाय," काका म्हणाले. त्यांचा आवाज मात्र बसला होता.

तिसाव्या दिवशी बरोबर दहाला समिती हजर झाली. समितीत तिघं होते: सेक्रेटरी, गणिताच्या बाई आणि तळमजल्यावरचे चष्म्यांचे दुकानदार, जे स्वतःचा चष्मा घरी विसरून आले होते. काकूंनी शिवणाचे कपडे बाजूला सारून तिघांना खुर्च्या दिल्या. कोपऱ्यात स्वेटरची पिशवी तयार होती. शेराला एवढे पाहुणे एकदम कधी मिळाले नव्हते. कोणावर आधी उडी मारावी हे त्याला ठरवता येईना, केवळ म्हणून तो चार पायांवर उभा होता.

काकांनी घसा साफ केला. "शेरा याने बसावे."

शेराने शेपूट हलवली.

"शेरा याने बसावे," काका म्हणाले. हे पहिलं स्मरणपत्र. दुसऱ्या स्मरणपत्राला त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. शेरा काकांजवळ गेला आणि त्यांच्या गुडघ्याला डोकं टेकून उभा राहिला. उभाच.

सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं. "काका, मलाही बरं वाटत नाही. पण नियम म्हणजे नियम."

"बरोबर आहे," काका म्हणाले. ते खरंच बरोबर होतं, हीच पंचाईत होती.

तेवढ्यात काकूंनी चहा आणला. कुत्रा घरातून जायचा असला तरी आलेल्या माणसांना चहा द्यावाच लागतो. त्यांनी बाईंच्या बशीत दोन बिस्किटं ठेवली आणि तिसरं हातात धरून विचारलं, "अजून एक?"

"छे छे, बस!" बाई म्हणाल्या.

शेरा बसला.

नुसता बसला नाही. पुढचे पाय जुळवून, मान थोडी तिरपी करून, तिसऱ्या बिस्किटाकडे बघत बसला. काकूंनी सवयीने बिस्किट त्याच्या तोंडात दिलं.

"योगायोग आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मला नीट दिसलं नाही. परत होऊ द्या," चष्मेवाले म्हणाले.

"एकदा घडलं तर ते फक्त उदाहरण," बाई म्हणाल्या. त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली होती. "तीनदा घडलं तर नियम म्हणता येईल. वाढा हो."

काकूंनी चष्मेवाल्यांना वाढलं. "बस," ते म्हणाले. शेरा बसला. पुन्हा बाईंना विचारलं. "बस." शेरा बसला. बाईंनी बोटांवर तीन मोजले आणि मान डोलावली. फुटलेल्या अकरा अंड्यांचा हिशेब त्यांनी त्याच क्षणी मनातून सोडून दिला असावा.

"बरं बरं, आता बस झालं," सेक्रेटरी म्हणाले, आणि शेरा त्यांच्यासमोर जाऊन बसला.

काकांनी चष्मा काढून पुसला. "काच स्वच्छ आहे तुमची," चष्मेवाले धंद्याच्या सवयीने म्हणाले, पण काका पुसत राहिले.

सेक्रेटरींनी इतिवृत्त लिहायला घेतलं. "श्वान उत्तीर्ण. आता एकच रकाना राहिला. प्रशिक्षणासाठी कोणतं पुस्तक वापरलंत?"

काकांनी टेबलावरच्या चौदा पुस्तकांकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मसुदा न करता उत्तर दिलं. "पुस्तक कसलं हो. तिसरं बिस्किट."

"'तिसरं बिस्किट'," सेक्रेटरींनी लिहिलं. "लेखक?"

"ही," काका म्हणाले.

"लेखिका," सेक्रेटरींनी दुरुस्ती केली. "पानं किती?"

"पानं?" काकू गोंधळल्या. "रोज एकच. जास्त दिलं की पोट बिघडतं."

सेक्रेटरींनी लिहिलं: 'दररोज एक पान. अतिवाचन टाळावे.'

दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताचा मसुदा काकांकडे अभिप्रायासाठी आला. शेवटचा रकाना रिकामा होता. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं 'शेरा', आणि तो भरायचा होता काकांनी. बिस्किटाचं पुस्तक झालंय, ही चूक त्यांच्या लगेच लक्षात आली. पण ती दुरुस्त केली असती, तर कुत्रा पुस्तकाशिवाय, म्हणजे बेकायदेशीरपणे, आज्ञाधारक झाल्याचं सिद्ध झालं असतं, आणि मग चाचणी पुन्हा, समिती पुन्हा, मेव्हण्याचं कुंपण पुन्हा. काकांनी लाल पेन्सिल बाजूला ठेवली. "शेरा," असं मोठ्यांदा वाचून त्यांनी लिहिलं, 'योग्य'. तोवर कागदावर हनुवटी येऊन पोचली होती. या वेळी त्यांनी त्याला परत पाठवलं नाही. काकूंनी पिशवीतला स्वेटर काढून जागेवर अंथरला.

इतिवृत्त फलकावर लागलं आणि सदर पुस्तक सर्व रहिवाशांनी मिळवावं, अशी शिफारस झाली. लोक पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने कपाट पाहिलं, शिडीवर चढून पुन्हा पाहिलं आणि "संपलंय, नवी आवृत्ती येतेय" असं सांगून नावं लिहून घ्यायला सुरुवात केली. आजवर त्रेसष्ट नावं झाली आहेत. पैकी चौघांकडे कुत्रा आहे. तेवीस जणांना ते मुलांसाठी हवंय, एकोणीस जणींना नवऱ्यांसाठी, अकरा सासवांना सुनांसाठी, आणि सहा जणांनी 'स्वतःकरिता' असं लिहून खाली सही केली नाही. क्रमांक नऊच्या चाळीस पानी पुस्तकाची दुसरी प्रत त्याच कपाटात आहे. ती कोणी चाळूनही बघत नाही.

वाचकांपैकी काहींनी वरचं नाव पाहून, यात काही उपयुक्त असेल, अशा अपेक्षेने हा मजकूर हाती घेतला असणार. त्यांच्या निवडीला काकांच्या तक्त्यात नक्कीच चांगले गुण मिळाले असते. ते सुरुवातीपासून आत्तापर्यंत एका जागी, न उठता, न भुंकता, मान थोडी तिरपी करून बसून आहेत. शेराला त्यासाठी निदान रोज एक बिस्किट द्यावं लागतं. आणि यांना तर कोणी 'बस'सुद्धा म्हटलं नव्हतं.